टेलरबाईंनी दुकानदाराची जिरवली

टेलरबाईंच्या डाव्या हाताची तर्जनी वाकत नाही. ते बोट एका सुरीने घालवलं, आणि ती सुरी विकणाऱ्याला बाईंनी आजतागायत माफ केलेलं नाही.

दिवसभर शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश आणि संध्याकाळी सहा माणसांचा स्वयंपाक, असं बाईंचं आयुष्य चाललं होतं. कात्रीच्या बाबतीत त्या भारी चोखंदळ. कापडाच्या कात्रीने कुणी कागद कापला तर घर डोक्यावर घेत. स्वयंपाकघरात मात्र हाताला येईल ती सुरी चाले. एकदा बाजारातल्या मोठ्या भांड्यांच्या दुकानात काळ्या मुठीची चकचकीत सुरी त्यांच्या नजरेत भरली.

"ताई, मुठीच्या टोकापर्यंत अख्खं पोलाद आहे," दुकानदार म्हणाला. "तुमची नातवंडं वापरतील."

तीन आठवड्यांनी लाल भोपळा कापताना मूठ हातात राहिली आणि पातं निसटलं. सहा टाके पडले. बोट वाकवणारी आतली शीरही तुटली होती.

हाताला पट्टी बांधून, सुरीचे दोन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून बाई दुकानात गेल्या. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. दुकानदाराने तुकड्यांकडे धड पाहिलंही नाही. "सुरी आहे ही, कुऱ्हाड नव्हे. धरता येत नसेल तर नवऱ्याकडून चिरून घेत जा, बाई."

ताईची बाई झाली होती. चार माणसं खो खो हसली.

"आई, आपण तक्रार करू या," घरी मुलगी म्हणाली.

"तक्रार कशाला? त्याच्याच दुकानात त्याची जिरवते की नाही बघ!"

दुसऱ्या दिवशी बाई धारवाल्याकडे गेल्या. वीस वर्षं त्यांच्या कात्र्यांना तोच धार लावत होता. "काका, सुरी कशी ओळखायची ते शिकवा."

म्हाताऱ्याने तुटकी मूठ फोडून दाखवली. पात्याचं जेमतेम दोन बोटं लांब शेपूट डिंकासारख्या कशाने तरी आत चिकटवलेलं होतं. "ही सुरी नाही, फसवणूक आहे," तो म्हणाला.

चार महिने बाई रोज दुपारी त्याच्याजवळ बसल्या. मुठीच्या कडेने पोलाद शेवटपर्यंत दिसतं का, मुठीच्या खिळ्यांवरून नख फिरवलं तर अडकतं का, सुरी बोटावर आडवी धरली तर कुठे तोलते, हे सगळं शिकल्या. धार उजेडात धरायची. चमकणारी रेघ दिसली तर ती बोथट. एकदा काकांनी आपली जुनी, काळवंडलेली सुरी त्यांच्या हातात दिली. टोमॅटोवर नुसती टेकवली आणि साल आपणहून उघडलं. कांद्याच्या चकत्या अशा पडल्या की पलीकडचं दिसावं. बाई बघतच राहिल्या. मग त्यांना नव्याने संताप आला. तीस वर्षं आपण भाजी चिरत नव्हतो, चेंगरत होतो!

एका शनिवारी, ऐन गर्दीच्या वेळी, त्या दुकानात शिरल्या. एक नवं जोडपं काळ्या मुठीची सुरी बघत होतं.

"जरा इकडे द्या," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "ही मूठ हलते बघा. आत पोलाद दोनच बोटं. माझ्याकडे अशीच होती." त्यांनी डावा हात पुढे केला.

जोडपं गेलं. मागोमाग आणखी दोघी गेल्या.

"तुम्ही माझा धंदा बुडवायला आलात का?" दुकानदार ओरडला.

"मी गिऱ्हाईक आहे. सुरी निवडतेय. धरता यायला नको का?"

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. लोक आता त्यांनाच विचारून सुरी घेऊ लागले. बाई चांगलीला चांगली म्हणत, त्यामुळे दुकानदाराला त्यांना खोटं पाडता येईना. दर वेळी त्याचा चेहरा उतरलेला पाहून त्यांच्या जिवाला गार वाटे, आणि ते त्या लपवतही नसत.

दोन महिन्यांनी तो एक खोकं घेऊन बाईंच्या दारात आला. आत भारी सुरी होती. बाईंनी उजेडात धरून ती नीट पाहिली.

"उत्तम आहे. म्हणजे चांगला माल ठेवणं जमत होतं तुम्हाला."

"माझं चुकलं, ताई. ही तुम्हीच ठेवा."

"इथे कोण ऐकतंय? शनिवारी बोला."

शनिवारी भरल्या दुकानात तो बोलला, मान खाली घालून.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

तो पुन्हा, मोठ्याने बोलला. मग बाईंनी ती सुरी पूर्ण किंमत मोजून घेतली.

"आता तरी सोडशील ना त्याला?" मुलीने विचारलं.

"का म्हणून?"

हल्ली नवा माल आला की दुकानदार स्वतःच निरोप धाडतो. काउंटरवर सुऱ्या मांडून मनातल्या मनात चरफडत उभा राहतो. बाई चष्मा पुसतात आणि एकेक सुरी सावकाश, मुद्दाम सावकाश, उचलून बघतात.