तोंडपाठ गाथांचा अर्थ

शेहेचाळिसाव्या वर्षी मी पालीचं एम. ए. करायला घेतलं. प्रवेश पक्का व्हायच्या आतच विहारात सांगून बसले, की पुढच्या वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, संध्याकाळच्या वाचनाला एक दिवस गाथांचा अर्थ मी सांगेन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण गाथा मला लहानपणापासून तोंडपाठ. जानेफळात बुद्धवंदना माझी आई म्हणते आणि सगळा विहार तिच्या मागून म्हणतो. मी तिची लेक. मला काय अवघड?

पहिल्याच रविवारी खामगावला शिकवणीला गेले. तिथं पाली शिकवणाऱ्या निवृत्त सरांनी पुस्तक पुढे सरकवलं, ‘वाचा’ म्हणाले. गाथा ओळखीचीच निघाली. मी सुरू झाले. मधेच सरांनी पानावर पंजा ठेवला. मी थांबलेच नाही. चार ओळी पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

‘ताई, तुम्ही वाचून नाही राह्यल्या,’ सर म्हणाले. हात उचलून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘इथं कोण काय करून राह्यलं, ते सांगा.’

मला सांगता येईना. चाळीस वर्षं रोज म्हटलेली ओळ, आणि तिच्यातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. परतीच्या एसटीत त्याहून मोठी भीती बसली. विहारात मी अडखळले, तर लोक माझ्याकडे नाही, आईकडे बघतील. शिकवलं तिनं ना!

पुढचे महिने मी भीतभीतच अभ्यास केला. पिठाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, भाकरी थापताना चार शब्द पाठ करायचे. दुसऱ्या दिवशी त्यातले तीन गायब. रविवारची एसटी रद्द झाली की मनातून बरं वाटायचं, सांगायची लाज वाटते. मग एकदा तव्यावर भाकरी असताना एक अख्खी ओळ आपली आपण उलगडली. भाकरी करपली आणि मी एकटीच हसत उभी. त्या आनंदावर महिनाभर रेटलं. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही.

मी अर्थ सांगायची संध्याकाळ आली. आई पहिल्या रांगेत. दोन ओळींचा अर्थ नीट सांगितला. तिसरीचे शब्द सुटे सुटे कळत होते, मेळ काही बसेना. अंदाजानं ठोकून दिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

‘ही ओळ मला येत नाही,’ मी म्हणाले.

मागून एक बाई म्हणाली, ‘काऊन वं? तुह्या मायनं नाही शिकवलं?’

आईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

‘मले कुठं येते?’ ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. ‘सारी जिंदगी म्हनली, पन एकाही ओयीचा अर्थ मले मालूम नव्हता. दोन आज समजल्या.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘भेऊ नको. त्या दोन पुन्हा सांग.’