शेवटच्या मेंढराची राखण

माझे वडील, आबा, फौजेतून परतले ते अंगाने धडधाकट. पण घरात भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसायचे नाहीत. पडेगावच्या आमच्या घरातून बाहेर पडायचं तर नावच नको. पाठीमागून साधी सायकल आली तरी घामाने भिजायचे. सीमेवर काय घडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

चुलते अजून मेंढरं राखतात. त्यांनी कळपातली एक कुत्री आणून आमच्या अंगणात बांधली. म्हणाले, "दादा, ही लई शहाणी. सगळ्यात मागं राहिलेल्या मेंढरामागं चालती. तुझ्याबी मागं चालंल."

म्हणजे आबा मेंढरू! मला रागच आला होता. पण महिन्याभरात आबा तिला घेऊन थेट शहागंजच्या भर बाजारात भाजीला जाऊ लागले. ती त्यांच्या पाठीशी आडवी उभी राही आणि आबा निवांत मेथीची जुडी निवडत. परदेशात जवानांसाठी अशी कुत्री शिकवून तयार करतात, हे मी पुढे मोबाइलवर वाचलं. आमच्या कुत्रीला कुणी काही शिकवलं नव्हतं.

मग माझं लग्न ठरलं. सासरची माणसं नोकरदार, टापटिपीची. लग्नाच्या सकाळी मीच म्हणाले, "आबा, आजचा दिवस तिला घरामागं बांधा ना. लोकांना बरं दिसत नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

नवरदेव दारात आला आणि फटाक्यांची माळ लागली. मागे कुत्री दोरीला हिसके देत केकाटत होती. मी खोलीच्या दारातून पाहिलं, तर नवा फेटा बांधलेले माझे आबा मांडवातल्या जेवणाच्या टेबलाखाली कान दाबून पालथे पडले होते. वऱ्हाडातलं कुणीतरी हसत म्हणालं, "व्याह्यांना सकाळीच चढली वाटतं."

आबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. एवढं सांगायला मला तोंड होतं. मी मुंडावळ्या सावरल्या आणि गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

शेवटी आईने कुत्रीला सोडलं. ती टेबलाखाली शिरून आबांना चिकटून बसली, तेव्हा कुठे ते बाहेर आले.

पुढे आबा तिच्यासोबत पुन्हा बाजाराला जाऊ लागले, पण माझ्या सासरी एकदाही आले नाहीत. "तिला घेऊनच या," मी कितीदा म्हटलं.

"नको. लोकायला बरं दिसत नाय."

यंदा उन्हाळ्यात कुत्री म्हातारी होऊन गेली. आबांनी तिला अंगणातल्या लिंबाखाली पुरलं आणि पुन्हा भिंत धरली.

आता दर रविवारी मी पडेगावला जाते, त्यांना कसंबसं उठवते आणि शहागंजात त्यांच्या मागून चालते. कुत्री मागे असताना त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. आता दर दहा पावलांवर दचकून वळतात.

"मीच आहे, आबा," मी म्हणते.

ते मान हलवतात, आणि दहा पावलांनी पुन्हा वळून बघतात.