भिंतीजवळचा पाट

माझ्या पहिल्या गोष्टीचा अर्थ मला बाबांनी सांगितला. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

निजामाचं राज्य होतं. मी परभणीला कचेरीत कारकून. सरकारी नोकरीच्या भीतीनं मासिकात छापून आलेल्या त्या गोष्टीवर नाव घातलं नव्हतं. पण कौतुक कुणाला नको असतं? अंक पिशवीत घालून मी चुडाव्याला गाडीतून उतरलो आणि चालत गावी आलो.

श्रावणात दुपारी देवळात पोथी असे. एकानं वाचायचं, बाबांनी थांबवून अर्थ सांगायचा. त्या दिवशी वाचायला मी होतो. अध्याय लवकर संपला, तसा मी अंक काढून गोष्ट वाचायला घेतली. गोष्ट कुणाची ते सांगितलं नाही. बाबांना ओवी कळते, गोष्टीतलं काय कळणार, असा माझा तोरा. त्यांनी मला चौथीतून काढून औतामागं लावलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. मामाकडे पळून जाऊन शिकलो, म्हणून कारकून तरी झालो.

गोष्टीतला बाप पहिल्याच पानावर पटकीनं मरतो. मला पोरका नायक हवा होता, एवढंच. चौथ्या पानावर बाबांनी हात वर केला.

"थांब. बाप तर मेला. मग ह्ये पोरगं जेवताना भिंतीजवळचा पाट सोडून का बसायलाय? दोनदा आलंय."

मी पानं चाळली. दोनदा नव्हे, तीनदा आलं होतं. माझ्याच हातानं लिहिलेलं आणि मलाच पत्ता नाही.

"लिवणाऱ्याला बापाचा लय राग हाय," बाबा लोकांना सांगू लागले. "पयल्या पानावर मारूनच टाकलं. पण त्याच्या जागी बसवंना. माया बी हाय त्याच्यात."

मी अंक खाली ठेवला. "तुमाला कसं कळलं?"

"त्यानंच लिवलंय की."

पुढची पानं मी कशी वाचली ते माझं मला ठाऊक.

दिवेलागणीला आईनं ताटं वाढली. आमच्या घरात भिंतीजवळचा पाट बाबांचा. त्यावर दुसरं कुणी बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. हातपाय धुऊन आत आलो, तर बाबा दाराकडच्या माझ्या पाटावर बसले होते. त्यांचा पाट रिकामा होता.

"बस," ते खाली बघतच म्हणाले. "भाकर निवायली."

गोष्टीतल्या पोरासारखाच मी तो पाट सोडला आणि बाबांना खेटून नुसत्या जमिनीवर बसलो.