रांगोळीवर चढलेली राख

परभणी जिल्ह्यात राहून मला हिमालयाचं वेड होतं. आता हसा! सत्तरच्या दशकात मी झरीच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले, तेही तात्पुरती म्हणून. वर्ष संपत आलं तेव्हा कळलं, तपासणीचे साहेब येणार, माझा पाठ बघणार आणि मला ठेवायचं की पूर्णेला आईवडिलांकडे परत पाठवायचं ते ठरवणार.

एखादा सोपा पाठ घेऊन निभावलं असतं, पण सरळ वागेन तर ती मी कसली? मी निवडला हिमालयाचा जन्म. माझ्या वर्गातल्या पोरींना तो मुळीच पटत नव्हता. आमच्याकडे विहीर खणली की वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. आधीचं खाली, नंतरचं वर. हिमालयात जुना दगड नव्याच्या वर चढून बसलाय म्हटलं की त्या फिदीफिदी हसत. "बाई, खालचं वर कसं यील?"

म्हणून मी पेटी केली. रेल्वेतल्या वडिलांनी एक लाकडी खोकं दिलं, त्याच्या एका बाजूला तसबिरीची काच बसवली. तळाला राख, त्यावर विटेचा भुगा, वर वाळू आणि टोकाला एक सरकती फळी. फळी रेटली की थर तुटून एकमेकांवर चढावेत, असा बेत. घरी थोडा उंचवटा आला, तेवढ्यावरच मी खूश होऊन आदल्या दिवशी पेटी वर्गात आणून ठेवली.

तपासणीच्या सकाळी वर्गात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. पेटीतल्या वाळूवर शेणाचं सारवण! त्यावर ठिपक्यांची सुबक रांगोळी. सारवण वाळून कडक झालेलं.

"हे कोणी केलं गं?"

"मी, बाई. काल साळा सुटल्यावर." वर्गातली सगळ्यात धीट मुलगी उभी राहिली. "साहेब यायलेत न्हवं? पावण्यापुढं उघडी माती कशी ठिवावी?"

ओरडायला तोंड उघडलं, तर दारात साहेब. गेली नोकरी, असंच वाटलं. कसाबसा पाठ सुरू केला आणि त्या मुलीलाच फळी रेटायला सांगितलं. तिनं हात मागे घेतले. "न्हाई बाई, लय बारीक काढलीय. तुमीच मोडा."

मग रागारागानं मीच रेटली. काही हलेना. आणखी जोर लावला. कट्! सारवण मधोमध तुटलं आणि माझ्याकडचा अर्धा भाग अख्खाच्या अख्खा समोरच्या भागावर चढला. अर्धी रांगोळी उरलेल्या अर्ध्या रांगोळीवर! आणि काचेतून दिसत होतं, तळाची राख तिरक्या भेगेनं वर येऊन खालच्या रांगोळीवर बसली होती. नुसत्या वाळूचा घरी जेमतेम उंचवटा झाला होता. इथं खडकासारखी लादी सरकली होती. पुन्हा रेटलं, तर पुढं दुसरी भेग पडली आणि दुसरी लादी उठली. मी नाचायचीच बाकी होते. "अशा लाद्या एकीवर एक चढल्या की डोंगरांच्या रांगा उभ्या राहतात!" मी साहेबांना विसरून ओरडले. "आणि या फळीसारखी आपली भारताची जमीन अजून उत्तरेकडे रेटा देतेय!"

"बाई!" ती मुलगी बाकावर चढली. "राख तर तुमी आधी टाकली व्हती, अन् रांगोळी म्या शेवटी काढली! राख वर आली की वो!"

वर्गात एकच गलका. साहेब उठले, काचेपुढं उकिडवे बसले आणि स्वतः फळी रेटू लागले. मग हात झटकत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाले, "पेटी आखूड आहे. पुढच्या वर्षी लांब करा. मला तिसरी लादी चढताना बघायचीय. आणि सारवण विसरू नका."

ते गेले. मी फळी धरून तशीच उभी. ती मुलगी हळूच जवळ आली.

"पुढल्या वर्षी म्हनले, बाई. म्हंजी तुमी आता इथंच?"

मी मान हलवली, आणि ती शेण आणायला पळाली.