पायाशी काय आहे

टास्मानियाच्या पठारावरच्या तळ्यांमध्ये मर्व्ह बर्बरी तेहतीस वर्षं लोकांना ट्राउट मासे दाखवत आला होता. गळाची काठी गिऱ्हाइकाच्या हातात आणि डोळे मर्व्हचे, असा तो धंदा. गिऱ्हाईक गुडघाभर पाण्यात उभं. त्याला चकाकीशिवाय काही दिसत नसे. मर्व्ह उंच काठावरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगे, "दहा वाजता, वीस फूट." पिसांची बनवलेली खोटी माशी तिथे अलगद पडली की मासा वर येई.

ईस्टरपासून त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत, अगदी मधोमध, एक डाग बसला होता. कडेकडेचं सारं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जाई. बायकोला, आयलीनला, त्याने हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडेही गेला नव्हता. डॉक्टरने नाव दिलं की दुखणं खरं होणार, आणि मग आपण कोण उरणार? त्याला दुसरं काही येत नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी हेदर क्वारल आली. होबार्टच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, एकोणीस वर्षं दरसाल याच आठवड्यात येणारी. आभाळ स्वच्छ निळं, वारा उत्तरेचा, बेताचा. अशा दिवसाची लोक वर्षभर वाट बघतात. मर्व्हला मात्र ढग हवे होते. ढग असते तर पाण्यातलं कुणालाच काही दिसलं नसतं.

"काय रे, आज गप्प गप्प? आयलीनने जेवायला घातलं नाही का?"

"घातलं की. तुझं माशी फेकणं आठवलं आणि भूकच मेली."

"मेल्या, मागच्या वर्षी चार पौंडाचा कुणी धरला?"

"तो जिवाला कंटाळलेला होता, बाई."

साडेनऊला त्याने पहिली हाक दिली. "अकरा वाजता. तीस फूट. तुझ्याकडेच येतोय." दिसत काहीच नव्हतं. उत्तरेचा वारा असला की या वेळी मासा त्या कोपऱ्यातून जातो, एवढं त्याला पाठ होतं. हेदरने नऊ वेळा माशी टाकली. दहाव्या वेळी गळ अडकला. ती चालत गेली आणि सोडवून परत आली.

"मर्व्ह, तुझा हा मासा जरा लाकडी आहे. बुंधा आहे तिथे."

"मासा होता. तू पळवलास."

गिऱ्हाइकावर खापर फोडायची त्याची ही पहिली वेळ. जेवणापर्यंत त्याने आणखी चार मासे दाखवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एक वळला, एक खोल उतरला, दोन असेच गेले. थंड मटणाचे सँडविच दोघांनी खाल्ले.

दुपारी वारा पडला, आणि मासे वर येऊन पाण्यावरचे किडे टिपू लागले. त्या टिपण्याला आवाज असतो, मुका घेतल्यासारखा. मर्व्हच्या जिवात जीव आला. कान तर शाबूत होते!

"एक वाजता. पंचवीस फूट."

हेदरने माशी टाकली. माशी तोंडात गेली तरी काठी लगेच उचलायची नाही. माशाने तोंड मिटून खाली वळायला हवं. म्हणून इथे एक अख्खं वाक्य म्हणतात, 'देव राणीचं रक्षण करो', आणि मगच उचलतात. आता राजा आला, तरी पठारावर मासे राणीच्याच नावाने धरतात. हेदरच्या वतीने ते वाक्य नेहमी मर्व्ह म्हणे, कारण दिसे त्याला.

पाण्यावर आवाज झाला, चुप्.

"देव राणीचं रक्षण करो! उचल! हेदर, उचल ना!"

काठी हललीच नाही. हेदर तिकडे बघतसुद्धा नव्हती.

"मर्व्ह," ती हळूच म्हणाली, "तुझ्या पायाशी काय आहे?"

त्याने खाली पाहिलं. उजेड, आणि त्याच्या मधोमध तो करडा डाग.

"पाणी."

"पाच पौंडाचा मासा आहे. तुझ्या बुटापासून दोन हातांवर. पाठ पाण्याबाहेर काढून मघापासून फेऱ्या मारतोय. आंधळ्यालासुद्धा—" तिने वाक्य तिथेच सोडलं.

मर्व्ह होता तिथेच खडकावर बसला.

"कधीपासून?"

"ईस्टर."

"डॉक्टर काय म्हणाला?" त्याने नकारार्थी मान हलवली. "गेलाच नाहीस! अरे गाढवा, सात महिने!"

"एवढा हंगाम जाऊ दे, हेदर. कुणाला बोलू नकोस. मला कानाने जमतं. आत्ता एक वाजता मासा होता की नाही?"

"होता."

"मग?"

"माझी माशी त्याच्यापासून चार हात लांब पडली होती. ती कुठे पडली ते ऐकू येत नाही, मर्व्ह." मग तिचा आवाज बदलला. "आणि सकाळी या डोळ्यांनी मला त्या वळणांवरून गाडीतून आणलंस?"

तिने हात पुढे केला. "किल्ली."

त्याने खिशातून किल्ली काढून दिली.

"उद्या लॉन्सेस्टनची दोन माणसं यायची आहेत," तो म्हणाला. "हेदर, ऐक. फक्त उद्या."

"येणार नाहीत ती."

"त्यांना काय सांगू?"

"मला सांगायला हवं होतंस तेच. आधी आयलीनला."

ती दोरी गुंडाळू लागली.

"अजून आहे तो?"

"आहे."

"माशी टाक ना त्याला. मी बोलणार नाही."

"नको रे आज."

"टाक ना, हेदर. तुझ्या पाया पडतो."

ती टाकेना. तिथेच उभी राहिली. मासा काठाने फिरत होता; किती लांब जातो आणि कुठून वळतो, ते मर्व्हला डोळ्याच्या कडेने दिसणाऱ्या तिच्या टोपीच्या हलण्यावरून कळत होतं.