खोबरेलात भिजलेला अर्ज

अर्ज साधारणपणे शाईने भरतात. माझ्या कॉलेजच्या मदतीच्या अर्जावर शाईखेरीज अर्धी वाटी खोबरेल, चिमूटभर कुंकू, थोडी राख आणि अकरा साक्षीदारांच्या सह्या होत्या. यातली शाई सोडून बाकी सगळं माझ्यामुळे झालं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडी वर्षं झाली होती. आमच्या चोपड्याहून नदीपलीकडे शिवोलीला जायला अजून पूल नव्हता, फेरीबोट होती. मी बारावी चांगल्या गुणांनी पास झाले होते आणि म्हापशाच्या कॉलेजात नाव घातलं होतं. पण बाबा तुयेच्या ज्या कारखान्यात होते तिथलं काम आटलं होतं. आठवड्याला तीनच दिवस बोलावत. फी भरणं शक्य नव्हतं. गरीब मुलांना मदत मिळायची सोय होती. तिचा अर्ज शनिवारी दुपारी एकच्या आत कॉलेजच्या कचेरीत पोचला नाही, तर सोमवारपासून मी त्याच कारखान्यात निम्म्या मजुरीवर डबे भरायला जायचं, असं ठरलेलं होतं. माझ्यासाठी निळा एप्रनसुद्धा घरी येऊन पडला होता. मी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं.

अर्जावर पंचायतीचा, तलाठ्याचा आणि मामलेदाराचा असे तीन शिक्के मारून घ्यायला तीन आठवडे लागले. राहिली होती फक्त बाबांची सही.

आता बाबांची सही ही काय चीज होती ते सांगायलाच हवं. बाबा सातवी पास. पण सही अशी झोकदार की शेवटचा फराटा कागदाबाहेर जाऊन टेबलावर उतरायचा! वस्तीत, म्हणजे आमच्या वाड्यावर, लग्न असो, वाटणी असो, साक्षीदार म्हणून सही आमच्या बाबांची, वासूचीच. सदऱ्याच्या खिशात पेन कायम. (आंघोळीला जाताना ते काढून ठेवत असावेत, पण मी पाहिलेलं नाही.) असा माणूस अर्जावर सही करायला एका मिनिटाच्या वर घेईल असं मला वाटलंच नव्हतं. पण अर्ज इंग्रजीत होता, आणि मी शहाणपणा करून त्याचा अर्थ मराठीत वाचून दाखवला. ‘मी माझ्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च करण्यास असमर्थ आहे.’

बाबांनी पेनाला टोपण लावलं.

“ह्येच्यार सही करूची म्हणजे गावासमोर हात पसरल्यासारख्याच,” ते म्हणाले.

“अहो, गाव खंय वाचता ता? कचेरीतले वाचतले,” आई म्हणाली.

“माका करूक जमाची नाय.”

हे चार दिवस चाललं. शुक्रवारी संध्याकाळी मी रडून डोळे सुजवून घेतले, तेव्हा आईने तोडगा काढला. “देवीक प्रसाद लावा. ती व्हय म्हणाली तर सही करा. आणि देवी काय गावभर सांगत फिराची नाय.”

आमच्याकडे प्रसाद लावायचा म्हणजे देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उन्हाळ्यात हे काम पटकन होतं, कारण पाकळ्या सुकतात. पण हे जुलैचे दिवस होते. भिंतीला हात लावला तरी ओला होत होता, तिथे पाकळी सुकणार कशी? पावसाळ्यात आमच्या देवीचे निर्णय फार लांबतात, हे मला माहीत होतं. आईच्या ते लक्षात आलं नाही, आणि ते तिला सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी मी आणि बाबा कोणाला न दिसता मागच्या वाटेने देवळात गेलो. मला बाहेर थांबवून बाबा आत गुरवमामांशी हळू आवाजात काहीतरी बोलले. मग मला आत बोलावलं. देवीपुढच्या पाटावर अर्ज ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर एक सुपारी ठेवली. पाकळ्या लागल्या तेव्हा साडेनऊ वाजले होते.

“गुरवा, गाऱ्हाणा वायंच हळू घाल हां,” बाबा म्हणाले. आमची अडचण देवीला जरा हळू आवाजात सांग, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

“हळू घातलेला गाऱ्हाणा देवी आयकणा नाय,” असं म्हणून गुरवमामांनी घंटा वाजवली.

झालं! देवळाची घंटा अवेळी वाजली की कुणाच्या घरात काय बिनसलंय ते कळावं म्हणून वाड्यावरची माणसं हातातलं काम टाकून येतात. सगळ्यांत पुढे आमच्या शेजारच्या काशीकाकी. दोन मिनिटांत सभामंडप भरला. गुरवमामांना माणसं दिसली की चेव येतो.

“हे माये, बारा-पाचाच्या म्हाराजा! आज ह्यो तुझो वासू तुझ्या पायांकडे इलो आसा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

“हेच्या कारखान्यात काम नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“हेच्याकडे चेडवाक शिकवची ताकद नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“घरात खावक दाणो नाय!”

“दाणो आसा रे! दाणो आसा!” बाबा दात आवळून पुटपुटत होते.

“व्हय म्हाराजा!!”

एका कागदावर गुपचूप सही करायची ज्यांना लाज वाटत होती, त्या बाबांच्या गरिबीला चाळीस माणसांनी एका सुरात होकार भरला. बाबांचे कान लाल झाले होते. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की कॉलेज नको, पण हे थांबवा, असं ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात काशीकाकी बाबांच्या कानाशी येऊन (म्हणजे पार दीपमाळेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात) म्हणाल्या, “वासू, माका कित्याक सांगूक नाय? सांजेक तांदूळ धाडतंय.”

मग सुरू झालं वाट बघणं. दहा वाजले. पाकळ्या जागच्या जागी. सव्वादहा. साडेदहा. माणसं श्वास रोखून देवीच्या खांद्यांकडे बघत होती. मी बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. साडेअकराची फेरी चुकली तर पुढची बस चुकणार, बस चुकली की कचेरी बंद, आणि कचेरी बंद झाली की निळा एप्रन. मनातल्या मनात मी देवीला विनवलं, मग नवस बोलले, मग चक्क धमकी दिली. एकदा मुद्दाम मोठ्याने शिंकलेसुद्धा. काही फरक पडला नाही.

“वायंच कळ काढ गो,” गुरवमामा मला म्हणाले आणि का कोण जाणे, बाबांकडे बघून त्यांनी मान हलवली.

अकराला पाच मिनिटं होती. माझी कळ संपली. सभामंडपात, अगदी गाभाऱ्याच्या दाराजवळ, वर एक पंखा होता. एका भाविकाने दिलेला. तो वार्षिक उत्सवातच लावत. त्याचं बटण माझ्या पाठीमागच्या खांबावर होतं. थोडा वारा गेला तर पाकळ्या सुकतील, यात देवीच्या कारभारात ढवळाढवळ नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि हात मागे नेऊन हळूच बटण दाबलं.

हळू फिरणं त्या पंख्याला माहीत नव्हतं! एक घरघर झाली, वर्षाची धूळ आमच्या डोक्यांवर पडली आणि असा वारा सुटला की काशीकाकींचा पदर गुरवमामांच्या तोंडावर गेला. पाकळ्या? त्या ओल्या होत्या, ढिम्म हलल्या नाहीत. पाटावरची सुपारी घरंगळली. अर्ज उठला, गाभाऱ्यात एक गिरकी घेतली आणि थेट समईवर जाऊन बसला.

“पेटलो! पेटलो!” सगळा मंडप ओरडला. आणि सवयीने मागून दोघे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

गुरवमामांनी तोंडावरचा पदर बाजूला करून अर्जावर ओला पंचा मारला. आग विझली, पण फटक्याने समई कलंडली आणि तिच्यातलं सगळं खोबरेल अर्जावर सांडलं. कुणीतरी पंखा बंद केला. मंडपात चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत, कुणाच्याही मदतीशिवाय, देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी टपकन पडली.

“उजवी!” गुरवमामा गरजले. देवीचा होकार आला होता. आता फक्त अर्ज उरला नव्हता.

अगदीच उरला नव्हता असं नाही. एक कोपरा जळाला होता, पण तिन्ही शिक्के शाबूत होते. खालचा भाग मात्र, जिथे बाबांची सही व्हायची होती, तेलाने पारदर्शक झाला होता. बाबांनी खिशातलं पेन काढलं. फराटा मारला. कागद कोरा! पुन्हा मारला. चार दिवस बाबा सही करत नव्हते, आणि आता बाबा करत होते तर कागद घेत नव्हता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पालकांची सही छापील चौकटीतच हवी होती. बाबांनी पेन परत खिशात ठेवलं. मग देवीपुढच्या ताटलीतल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि तो सहीच्या जागी दाबला. तेलात कुंकू छान बसलं. अख्ख्या वाड्यावर ज्यांच्या सहीला मान, त्यांनी सगळ्यांदेखत अंगठा उठवला होता.

“आंगठ्याक साक्षीदार लागतत,” गुरवमामा म्हणाले.

“मी करतंय!” काशीकाकी पुढे सरसावल्या. “माझ्या झिलाच्या लग्नात वासून सही केलली.”

“माझ्या वाटणीच्या कागदार केलली!” मागून कुणीतरी ओरडलं. दोन साक्षीदार पुरे होते. अकरा झाले! वरच्या कोरड्या जागेत सह्या मावेनात, तेव्हा लोक समासात शिरले. मी एक डोळा घड्याळावर ठेवून ‘पुरे, पुरे’ म्हणत होते, आणि बाबा खाली मान घालून उभे होते.

मग आम्ही धावलो. पुढे मी अर्ज दोन हातांत धरून, मागे बाबा, त्यांच्यामागे साक्षीदार. धक्क्यावर पोचलो तर फेरी सुटलेली! दोन हात पाणी मध्ये, फळी वर उचललेली. मी मटकन खाली बसणार, इतक्यात मागून सोवळ्यातले गुरवमामा आले आणि गाऱ्हाण्याच्या आवाजात गरजले, “फेरी थांबय, म्हाराजा!”

फेरीवरच्या यच्चयावत माणसांच्या तोंडून आपोआप उत्तर आलं, “व्हय म्हाराजा!” आता सगळ्या फेरीने होकार दिल्यावर चालवणारा बिचारा काय करणार? फेरी मागे आली.

कचेरीच्या खिडकीशी पोचलो तेव्हा एकला सहा मिनिटं होती. खिडकीमागचे कारकून डिचोलीजवळच्या सर्वणचे, आणि तिथेही देवाला प्रसाद लावतात, हे नंतर कळलं. त्यांनी अर्ज दोन बोटांनी उचलला. तेल त्यांच्या टेबलावर ठिबकलं.

“हो अर्ज काय तळलेलो पापड?”

मी भडाभडा सगळं सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि बाबांकडे बघितलं.

“सही खंय आसा? आंगठो चलना. लिवपाक येना, ताचोच आंगठो घेतात. तुमकां लिवपाक येता?”

मी बाबांकडे बघितलं. नवा अर्ज म्हणजे पुन्हा तीन आठवडे आणि तीन शिक्के. बाबांनी एकदा माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं.

“येना,” बाबा म्हणाले.

कारकुनांची नजर बाबांच्या खिशावर गेली. “मगीर हें पेन कित्याक?”

“शोभेक.”

माझे डोळे भरून आले. आयुष्यात मला कुणी एवढी मोठी भेट दिलेली नाही. कारकुनांनी त्या अंगठ्याकडे, जळक्या कोपऱ्याकडे आणि अकरा सह्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग खिडकीतून पुढे वाकून हळूच विचारलं, “प्रसाद उजवो?”

“उजवो,” बाबा म्हणाले.

धप्प करून शिक्का बसला. मदत मिळाली, मी शिकले, निळा एप्रन आईने गुरासमोर आंबोण ठेवताना बांधायला घेतला.

त्या पंख्याचं बटण मी दाबलं होतं हे मात्र मी लपवून ठेवलं. (सगळ्यांनी तो देवीचा चमत्कार मानला होता. मी कोण खुलासा करणार?) पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हा एकदा धीर करून बाबांना सांगून टाकलं. बाबा शांतपणे सुपारी कातरत होते.

“माका ठावक आसा,” ते म्हणाले. “बटण खांबार, खांबाकडे तू. आणखी कोण लावतलो?”

“मग बोलला का नाहीत?”

“कशाक बोलू? मी सुद्धा गुरवाक सांगून ठेयललंय. उजवी पाकळी नुसती टेकय, डावी नीट चिकटय म्हणान. देवी व्हय म्हणाली की मगे माका सही करूक बरां.” त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “ती पडाकच इल्ली गो. तू पाच मिनटां गप रवली आसतस तर मी झ्याक सही केली आसती.”

म्हणजे तेल, आग, अंगठा, अकरा साक्षीदार, ‘शोभेक’, सगळं अवघ्या पाच मिनिटांसाठी!

अलीकडेच माझ्या मुलीचा कॉलेजचा अर्ज भरायचा होता. आता अर्ज संगणकावर असतो. कागद नाही, समई नाही, काही म्हणजे काही उडण्यासारखं नाही. आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. मुलीने बोट बटणावर ठेवलं. बाबा काठी टेकत उठले, आधी पंखा बंद केला आणि मग मला म्हणाले, “शालू, तू वायंच भायर बस.”