खोलीतली दुसरी

माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत टाळी वाजवली की ती लवकर मरायची नाही. दोन उघड्या भिंतींमध्ये टरटरत राहायची आणि शेवटी कुणीतरी दातांतून शीळ घालावी तसा बारीक आवाज मागे उरायचा. पनवेलात आमच्या घरामागची ही लांबोळकी, अरुंद खोली वडिलांनी भाताची पोती ठेवायला बांधली होती. नव्वदच्या पुढेमागे शेती सुटली, पोती गेली, आणि त्या जागी मी एक चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर, दोन मायक्रोफोन आणि भरपूर घमेंड घेऊन बसलो. भजनी मंडळं यायची, रिक्षावरच्या जाहिराती व्हायच्या. त्या लोकांना शिळेचं काही वाटत नसे. माझं मात्र डोकं उठायचं.

नेऱ्याच्या बाजूच्या एका गावातली धवलारीण आजी माझ्या लहानपणापासून ओळखीची. आगरी लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणून विधी पार पाडणारी बाई, ती धवलारीण. ही आजी आणि तिची जोडीदारीण अशा त्या नेहमी दोघी असत. पहिली विचारायची, दुसरी उत्तर द्यायची. मांडवाच्या मेढी कुणी आणल्या, हळद कुणी दळली, असं चालायचं. पहिलीच्या ओळी गावाला ठाऊक होत्या. दुसरीच्या त्या दोघींखेरीज कुणाला येत नाहीत असं सगळे म्हणत, आणि मीही तसंच धरून चाललो होतो.

आदल्या वर्षी जोडीदारीण वारली. मग आजीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आणि आवाज राहील याची डॉक्टर हमी देईनात. म्हणजे धवले टेपवर यायचे ते दिवाळीच्या आत, नाहीतर कधीच नाही. मी स्वतः गावात जाऊन आजीला गळ घातली.

एका दुपारी सून तिला घेऊन आली. सून दाराशी बसली, आजी मायक्रोफोनसमोर. आजीने पिशवीतून दोन विडे काढून पुढ्यात ठेवले. पाहुणचार समजून मी एक उचलला आणि तोंडात टाकला. सुनेने तोंडावर हात ठेवला.

"तो तिचा व्हता," आजी म्हणाली. रागावली नाही. नवा विडा लावून तिने त्याच जागेवर ठेवला. माझ्या तोंडातलं पान एकदम कडू लागायला लागलं, पण थुंकणार कुठे, गिळलं.

मग तिने पहिली ओळ घेतली आणि थांबली. एक ओळ म्हणायला लागेल तेवढाच वेळ थांबली, समोरच्या कोपऱ्याकडे बघून मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. मला वाटलं, दम खातेय. हेडफोनमध्ये मात्र त्या रिकाम्या जागेत तिच्याच सुराचं शेपूट लोंबत होतं, जरा पातळ, जरा उंच, दुसऱ्याच कुणाच्या गळ्यातून आल्यासारखं. अंगावर काटा आला. मग रागच आला, खोलीचा.

"आजी, दुसरीच्या ओळीसुद्धा तुम्हीच म्हणा ना," मी म्हटलं.

"तिच्या मी कशा म्हनू? ती बसलीय ना."

"तो भिंतीवरून परत येणारा आवाज आहे. खोली खराब आहे. मला तीन आठवडे द्या, दुरुस्त करतो."

"नको रं बाला. बरी हाय खोली."

"आजी, त्याला प्रतिध्वनी म्हणतात."

"तुज्या भाषेत म्हनत असतील," ती म्हणाली आणि सुनेचा हात धरून उठली. मी त्या कॅसेटवर 'खराब' असं लिहून ती खणात टाकली.

माझ्याजवळ एका परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स होती. सपाट भिंतीवर आदळलेला आवाज चेंडूसारखा सरळ परत येतो. तीच भिंत कमी-जास्त खोल खाचांची केली तर तो विखुरतो आणि शेपूट उरत नाही. अशा खाचांच्या पट्ट्याला डिफ्यूझर म्हणतात. खाचांचा क्रम ठरलेला होता: शून्य, एक, चार, दोन, दोन, चार, एक. तयार डिफ्यूझर तेव्हा इथे कुठे मिळणार? सुकापूरला नव्या इमारती उठत होत्या, तिथल्या सुतारांकडून प्लायवूडचे तुकडे पोत्यात भरून आणले. करवत, सरस, बारीक खिळे. ते आकडे जपासारखे पुटपुटत मी रोज संध्याकाळी कापत बसायचो. शेजारी विचारून गेले, कबुतरं पाळताय का? एका खाचेचं माप चुकलं म्हणून अख्खा पट्टा फोडून नव्याने केला. असा मी काटेकोर माणूस.

एकेक पट्टा भिंतीवर चढला तशी खोली बोलायची कमी झाली. बारावा लावला, टाळी वाजवली. टप्. बस्स. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिथेच एकटा बसून राहिलो, तर माझाच आवंढा उतरताना ऐकू आला. खोलीत माझ्याबरोबर कुणी आहे असं मला आधी कधी वाटलं नव्हतं. आता कुणी नाही, हे मात्र लख्ख जाणवलं. भर दुपारी उठून मी दार उघडून ठेवलं.

गावात जाऊन मी आजीला पुन्हा गळ घातली होती; ठरल्या दिवशी ती आली. आवाज आणखी बसला होता. विडे मांडले, पहिली ओळ घेतली, थांबली. मान हलली नाही. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा थांबली. मग हळूहळू मान वळवून चारही कोपरे पाहिले, भिंतीवरच्या खाचा पाहिल्या.

"कुटं धाडलीस तिला?" तिने विचारलं.

मी हसलो. मग तिचा चेहरा पाहिला. भर मांडवात हात सुटलेल्या लेकरासारखी ती बावरली होती. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ज्या हातांनी पट्टे लावले त्याच हातांनी काढायला लागलो. सहा काढले, आठ काढले. आजीने एकदा सूर लावून पाहिला, पण खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. दोन्ही विडे तसेच ठेवून ती गेली. खोलीला काय झालं होतं की मलाच, देव जाणे, पण ते विडे उचलायला माझा हात धजेना.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आवाज गेला. शिमग्याच्या आत आजीही गेली.

त्यानंतर एका दुपारी सून एकटीच आली. "आईचा आवाज ऐकवा, भाऊ," म्हणाली. माझ्याकडे होती ती एकच कॅसेट, 'खराब' लिहिलेली. उरलेले पट्टेही मी कधीच उतरवून टाकले होते. स्पीकरवर टेप लावली. पहिली रिकामी जागा आली आणि सुनेचे ओठ हलले. दुसरी आली, पुन्हा हलले.

"वहिनी, तुम्हाला येतात दुसरीच्या ओळी?"

"सगल्या येतात. लगीन होऊन आले तवापासून दोघींचं ऐकतेय."

मला माझीच इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. तीन आठवडे मी खाचा मोजत बसलो आणि दाराशी बसलेल्या बाईला एका शब्दाने विचारलं नाही.

"मग म्हटल्या का नाहीत?"

"जागा मोकली कुटं व्हती?"

मी धडपडत मायक्रोफोन तिच्यापुढे आणला, नवी कॅसेट घातली, टेप पुन्हा पहिल्यापासून लावली. "आता म्हणा, वहिनी. आता मोकळी आहे."

तिने पदर सावरला, श्वास घेतला. स्पीकरवरची आजीची ओळ संपली आणि तिचं शेपूट उघड्या भिंतींवरून फिरत कोपऱ्यात गेलं. सून त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. पुढची ओळही तशीच गेली.

"नाय भाऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आता तर दोघी बसल्यात."

ती उठून दाराशी गेली आणि ओठ घट्ट मिटून तिथूनच शेवटपर्यंत ऐकत राहिली.